गाडी सेल्फ घेते, इंजिन फिरतं, पण पकडतच नाही

जुनी_चारचाकी

नमस्कार मंडळी. डोकं पिकलंय म्हणून इथे लिहितोय, जरा लांबलचक होईल तेवढं सांभाळून घ्या.

गाडी १९९९ ची, पेट्रोल, चार सिलिंडर. फ्युएल इंजेक्शन आहे पण करंट अजून डिस्ट्रिब्युटरमधूनच (एकेका प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) जातो, म्हणजे धड जुनीही नाही आणि धड नवीही नाही. १ लाख ६० हजार किलोमीटरच्या पुढे गेलीये, एरवी चालायला एक नंबर. प्रॉब्लेम असा की कधीकधी चावी फिरवली की सेल्फ जोरात मारतो, इंजिन खणखणीत फिरतं पण पकडत नाही. एखादा सिलिंडर तरी फुटल्यासारखा आवाज यावा, तोही नाही. नुसतं घुर्र घुर्र घुर्र. आणि मग अर्धा-पाऊण तास गेला की पहिल्याच सेल्फला अशी चालू होते जसं काही झालंच नव्हतं.

सकाळी थंड असताना आजपर्यंत एकदाही दगा दिलेला नाही. जे काय होतं ते दुपारचं, गाडी गरम असताना.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा झालं तेव्हा प्लग बदलले, गाडी चालू झाली, सगळे खूश. पंधरा दिवसांनी परत तेच. मग प्लगच्या वायरी बदलल्या, परत चालू झाली. मग मेकॅनिक म्हणाला बॅटरी वीक आहे, ती बदलली. शेवटी टाकीतला पेट्रोल पंप बदलला, त्यासाठी मागची सीट काढली, दिवसभर पेट्रोलचा वास घेत बसलो, संध्याकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू. आठ दिवस मस्त. काल भर दुपारी पार्किंगमध्ये परत तोच तमाशा.

स्कॅनर लावायचा म्हटलं तर या गाडीला नवीन पद्धतीचं सॉकेटच नाही, आणि चेक लाइट चालू गाडीत कधी लागत नाही. आता पुढचा कुठला पार्ट बदलू सांगा.

---

काळं_ग्रीस

पुढचा कुठलाच पार्ट बदलू नका. आधी हात खिशात घाला.

तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची गोष्ट तुम्हीच लिहिलीये पण तुमच्या लक्षात आली नाहीये. ही गाडी अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होते. म्हणजे तुम्ही प्लग बदलले तेवढ्यात अर्धा तास गेला, चालू झाली, श्रेय प्लगला. वायरी बदलल्या, श्रेय वायरींना. पंप बदलायला अख्खा दिवस गेला, संध्याकाळपर्यंत ती तशीही चालू होणारच होती. त्या दिवशी नुसती हवा तपासून चहा पिऊन आला असतात तरी चालू झाली असती. अशा येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात दुरुस्त झालं की नाही हे चालू होण्यावरून कळत नाही, त्यामुळे बंद असतानाच तपासायचं, तीच वेळ कामाची. चालू झाली की पुरावा गेला.

आता बेसिक. पेट्रोल इंजिनला पेटायला करंट लागतो, पेट्रोल लागतं, कॉम्प्रेशन लागतं आणि हे तिन्ही वेळेवर जुळावे लागतात. तुमची गाडी पाऊण तासाने एकदम नीट चालू होते आणि चालते, म्हणजे कॉम्प्रेशन आणि टायमिंग बेल्ट आपण बाजूला ठेवू शकतो, तुटलेला बेल्ट गार होऊन जुळत नाही. (ज्यांची गाडी चालता चालता बंद पडली आणि आता सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसारखा, लय नसलेला आवाज करत फिरतोय त्यांनी मात्र आधी बेल्ट बघा. ऑइलचं झाकण उघडून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, आत कॅमशाफ्ट फिरत नसेल तर लगेच थांबा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, परत परत सेल्फ मारून नुकसान वाढतं.)

राहिले करंट आणि पेट्रोल. पुढच्या वेळी बंद पडली की या क्रमाने करा:

खिडक्या बंद, एसीचा फॅन बंद, रेडिओ बंद. चावी ऑनवर न्या, सेल्फ मारू नका, कान मागच्या सीटकडे. टाकीतून दोन-तीन सेकंद 'झ्झ्झ' असा आवाज येऊन थांबायला हवा. तो पंप प्रेशर भरतोय. आत्ता गाडी चांगली असताना तो आवाज दहा वेळा ऐकून ठेवा म्हणजे नसला की कळेल. काही जुन्या इंजेक्शन गाड्यांत पंप फक्त सेल्फ मारतानाच चालतो, म्हणूनच तुमच्या गाडीचं नॉर्मल काय आहे ते आधी माहीत पाहिजे.

मग करंट. एक जादा प्लग डिकीत ठेवा. प्लगची एक वायर काढून त्यात तो प्लग बसवा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या धातूला वायरीने किंवा क्लिपने पक्कं अर्थ करा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हातात धरू नका. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नका. वायर नुसती लोंबकळत ठेवूनही सेल्फ मारू नका, त्या करंटला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो कॉइल नाहीतर इग्नायटर फोडून वाट काढतो.

ठिणगी निळसर, फटफट आवाज करणारी असेल तर करंट आहे. पिवळट, मरतुकडी असेल तर शंका घ्या.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. नाहीतर मूळ बिघाड राहील बाजूला आणि सेल्फ मोटर जळेल.

बॅटरीचं पण सांगतो. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक असं बरेच जण धरून चालतात. चार्ज बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जायला लागली तर इंजिन फिरेल पण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गोंधळेल. तुमची नवीन आहे म्हणून सोडून देतो.

---

स्पॅनर१४

क्रँक सेन्सर. डोळे मिटून. गरम झाली की बंद, गार झाली की चालू, ही त्याची सहीच आहे. आतली बारीक तारेची गुंडाळी गरम होऊन फुगते, तुटलेल्या जागी गॅप पडतो आणि सिग्नल जातो, गार झाली की परत चिकटते. सिग्नल गेला की ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही मग ना करंट सोडत ना इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) उघडत. माझ्या आधीच्या गाडीला सेम टू सेम होतं, दोन महिने फिरवलं तिने मला.

तपासायला सोपं आहे, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. थोडासा तरी उचलला, दोनशे-तीनशे दाखवला तर सेन्सर जिवंत. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर सेन्सर गेला. तुमच्या मॉडेलच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तो डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच असतो. दोन वायरींचा असेल तर मल्टिमीटरने ओहम बघता येतात, बहुतेक काहीशे ते हजार-दीड हजारच्या मध्ये कुठेतरी येतात, पण गरम असताना मोजा, गार मोजून काही उपयोग नाही. तीन वायरींचा असेल तर तो हॉल टाइप, ओहमवर काही कळणार नाही.

---

चोकवाला

म्हणूनच म्हणतो कार्ब्युरेटर तो कार्ब्युरेटर. फ्लोटची वाटी उघडली, पेट्रोल आहे का डोळ्यांनी दिसतं. पॉइंट उघडझाप करतायत का, दिसतं. गॅप साधारण ०.४ मिमी, फीलर गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड घालून घरी पोचलोय मी. ईसीयू नाही, सेन्सर नाही, कोणाला विचारायला नको.

असो. तुमच्या गाडीत आमच्या काळातली एक गोष्ट उरलीये ती म्हणजे डिस्ट्रिब्युटर, तर त्याची टोपी काढून आतून बघाच. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे, तिथून करंट पळतो. रोटरचं टोक जळून पांढरं झालंय का बघा, मधला कार्बनचा खडा आहे की झिजून गायब झालाय ते बघा. मात्र हे दमट हवेत, पावसात जास्त त्रास देतं, तुमचं उलट आहे, त्यामुळे मी फार जोर देणार नाही.

---

जुनी_चारचाकी

सगळ्यांचे आभार. काल दुपारी अडीचला परत बंद पडली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला!

रिपोर्ट असा: चावी ऑन केली, मागून पंपाचा आवाज नाही. सकाळी तोच आवाज दहा वेळा ऐकून ठेवला होता त्यामुळे खात्री आहे. जादा प्लग अर्थ करून मुलाला सेल्फ मारायला लावला, ठिणगी नाही. आरपीएमचा काटा शून्यावर, जरासुद्धा हलला नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बघितली, स्वच्छ आहे.

पंप नवीन टाकलाय त्यामुळे पंप गेला असं म्हणवत नाही. स्पॅनर१४ भाऊ म्हणतात तसा काटा मेलेला आहे, म्हणजे क्रँक सेन्सर नक्की. उद्या ऑर्डर टाकतो. या गाडीत अख्खा डिस्ट्रिब्युटरच घ्यावा लागतो म्हणे, पण आता एकदाचं होऊन जाऊ दे.

---

स्पॅनर१४

बघा, म्हटलं होतं ना. टाका ऑर्डर.

---

टेस्टलॅम्प

थांबा थांबा, ऑर्डर टाकू नका. एक दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट सेन्सरच्या कथेत बसत नाही. पंप. बहुतेक गाड्यांत चावी ऑन केली की ईसीयू पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो ते क्रँक सेन्सरला न विचारता. इंजिन तेव्हा फिरतच नसतं, विचारणार काय? सेन्सर मेला असता तर तुम्हाला सुरुवातीचा 'झ्झ्झ' ऐकू आला असता आणि सेल्फ मारताना मात्र करंट मिळाला नसता. तुमच्याकडे सुरुवातीचा आवाजही नाही. पंपही गप्प, करंटही गप्प. दोन वेगळ्या गोष्टी एकाच क्षणी बंद आणि एकाच क्षणी चालू होत असतील तर त्या दोघांच्या वरचं काहीतरी बंद होतंय, जिथून दोघांनाही जीव मिळतो तिथे बघायचं. घरात फॅन आणि ट्यूब एकदम गेले तर आपण फॅन उघडत बसतो का?

आता काट्याबद्दल. काटा हलला तर सेन्सर ठीक असं म्हणता येतं. काटा हलला नाही तर सेन्सर खराब असं म्हणता येत नाही. या गाड्यांत काट्याला सिग्नल मिळतो तो कॉइलकडून नाहीतर ईसीयूकडून. ईसीयूच झोपलेला असेल तर सेन्सर बिचारा बाहेर ओरडत असला तरी ऐकणार कोण, काटा मेलेलाच दिसणार.

मला दोन गोष्टी सांगा.

एक, बंद पडलेल्या अवस्थेत चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो का? चालू गाडीत नाही, नुसत्या ऑनवर. ऑइलचा, बॅटरीचा दिवा लागेल, ते वेगळं. इंजिनच्या चित्राचा दिवा बघा. तो दिवा पेटवण्याचं काम ईसीयूचं असतं, ईसीयूला सप्लाय नसेल तर तो लागणारच नाही. आपण सगळे हा दिवा लागला की घाबरतो, पण ऑनवर तो लागणं हीच चांगली खूण आहे.

दोन, गाडी 'गरम' म्हणजे नेमकं काय गरम? लांब चालवून इंजिन गरम, की उन्हात उभी करून आतली केबिन गरम? हे दोन वेगळे आजार आहेत. क्रँक सेन्सर, कॉइल, इग्नायटर ही मंडळी इंजिनजवळ राहतात, त्यांना इंजिनची उष्णता लागते. डॅशबोर्डच्या खाली राहणारे आहेत त्यांना उन्हाची.

---

स्पॅनर१४

पंपाचा मुद्दा मान्य पण काही गाड्यांत सेन्सरची वायर शॉर्ट होऊन ईसीयूचा ५ व्होल्टचा सप्लायच बसतो, मग सगळंच बंद पडतं. मी तर ते पण बघितलंय.

---

टेस्टलॅम्प

होतं तसं, बरोबर आहे. म्हणून तर म्हणते आधी दिवा बघा, मग सेन्सरचा कनेक्टर काढून परत बघा. कनेक्टर काढल्यावर दिवा आला तर तुम्ही जिंकलात. फुकटात होणाऱ्या टेस्ट आधी करायच्या एवढंच माझं म्हणणं.

---

जुनी_चारचाकी

टेस्टलॅम्प ताई (आधी भाऊ लिहिणार होतो, 'म्हणते' वाचून सावध झालो), तुमचा दुसरा प्रश्न वाचून मी अक्षरशः डायरी काढून बसलो.

गेल्या महिन्यात सलग साडेचार तास चालवली, मध्ये दोनदा थांबलो, इंजिन तापलेलं होतं, पाऊस पडत होता. एकदाही त्रास नाही. आणि परवा बंद पडली तेव्हा गाडी सकाळपासून हललीच नव्हती, फक्त चार तास उन्हात उभी होती. इंजिन तर थंडच असणार! मी इतके दिवस सगळ्यांना 'गरम झाल्यावर' असंच सांगत होतो आणि मेकॅनिक लोक बिचारे इंजिनच बघत होते.

उद्या मुद्दाम उन्हात लावतो.

---

काळं_ग्रीस

हे बघा, याला म्हणतात हिस्टरी घेणं. मी पण विचारायला पाहिजे होतं, 'गरम' वाचलं आणि इंजिन गृहीत धरलं. ताई, मानलं.

माझा अंदाज आता मेन रिले, म्हणजे चावी ऑन केली की ईसीयूला सप्लाय जोडणारा विजेवर चालणारा स्विच. या काळातल्या कितीतरी गाड्यांत डॅशबोर्डखाली एक चौकोनी डबी असते, एकाच डबीत दोन रिले, एक ईसीयू-इंजेक्टरचा आणि एक पंपाचा. आतल्या सर्किट बोर्डवर पाय सोल्डर केलेले असतात. वर्षानुवर्षं तापणं-गार होणं आणि रस्त्याचे हादरे यांनी त्या सोल्डरला पायाभोवती गोल चीर जाते. गार असताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकांना टेकलेल्या असतात म्हणून काम चालतं. ऊन लागलं की पाय आणि बोर्ड वेगवेगळ्या मापाने फुगतात, टेकलेलं सुटतं, सप्लाय गुल. खिडक्या उघडून बसलं की थोड्या वेळाने परत टेकतं.

इमोबिलायझर (चोरी टाळायला चावी ओळखणारी यंत्रणा) असेल तर त्याचाही दिवा बघून घ्या, चावीचं चित्र असतं, तो भराभर लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही. मात्र त्यात बहुतेक वेळा चेक लाइट लागतो, कारण ईसीयू जागा असतो, फक्त परवानगी देत नसतो.

---

थंडीतला_पाहुणा

मध्येच घुसतोय, माफ करा, माझं याच्या बरोब्बर उलट आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी तीन-चार वेळा लांब सेल्फ मारावा लागतो, मग पकडते, थोडी थरथरते आणि नंतर दिवसभर ठीक. इंजेक्शनचीच आहे, २००३ ची. पंपाचा आवाज येतो.

---

काळं_ग्रीस

वेगळा धागा काढायला हवा होता पण आलात तर थोडक्यात सांगतो. उद्या सकाळी चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. पहिल्याच फटक्यात पकडली तर रात्रीतून पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह गळतो, नाहीतर रेग्युलेटर, नाहीतर एखादा इंजेक्टर टपकतो. गेज लावलं तर या टाइपच्या गाड्यांत साधारण ३ बारच्या आगेमागे प्रेशर दिसतं, पण नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा, आणि बंद केल्यावर ते किती वेळ टिकतं ते बघा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून हुंगा, आत पेट्रोल असेल तर त्याचा डायफ्रॅम फाटलाय.

तीनदा ऑन करून काही फरक नाही पडला तर कूलंटचा टेंपरेचर सेन्सर. गार असताना २० डिग्रीला बऱ्याच गाड्यांत दोन ते तीन हजार ओहम येतात, इंजिन तापून ८० च्या आसपास गेलं की तीनेकशे. त्याने थंड इंजिनलाच गरम सांगितलं तर ईसीयू पेट्रोल कमी सोडणार, थंडीत पेटणार कसं.

आणि फार सेल्फ मारून प्लग ओले झाले, पेट्रोलचा वास यायला लागला तर ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून ठेवून सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत तसं केलं की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा जाऊन सिलिंडर सुकतात. कार्ब्युरेटरवाल्यांसारखं पंपिंग करू नका, इथे त्याचा काही उपयोग नाही.

---

चोकवाला

उपयोग नाही म्हणे. आमच्यात होता.

---

जुनी_चारचाकी

झालं! सापडलं! सविस्तर लिहितो.

अकरा ते दोन उन्हात, काचा पूर्ण बंद. दोनला आत बसलो तर सीटला पाठ टेकवत नव्हती. चावी ऑन. ऑइलचा दिवा आला, बॅटरीचा आला, चेक लाइट नाही. पंप गप्प. सेल्फ मारला, घुर्र घुर्र. मी इतकी वर्षं ही गाडी चालवतोय, तो दिवा आला नाही हे माझ्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे, न लागलेल्या दिव्याकडे कोण बघतं.

आधी डिस्ट्रिब्युटरचा कनेक्टर काढून बघितलं, दिवा आला नाही. सॉरी स्पॅनर१४ भाऊ. फ्यूज सगळे काढून मीटरने बघितले, शाबूत. मग बॉनेट उघडून इंजेक्टरच्या वायरला मागून टाचणी घालून टेस्ट लॅम्प लावला, ऑनवर एका वायरीला कायम १२ व्होल्ट यायला पाहिजेत असं एका जुन्या मॅन्युअलमध्ये सापडलं होतं. चारही इंजेक्टरला अंधार.

मग डॅशबोर्डखाली डोकं खाली पाय वर करून ती डबी शोधली. स्टीअरिंगच्या डावीकडे, वर, जिथे हात जातो पण नजर जात नाही अशा ठिकाणी. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला लॅम्प पेटतो, चावीकडून येणाऱ्या वायरीला पेटतो, डबीची अर्थ वायर ठीक आहे, पण ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीला अंधार. आत सगळं येतंय, बाहेर काही जात नाही.

चावी ऑन ठेवूनच स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डबीला दोन टकटक मारल्या. 'टक', चेक लाइट आला, मागून झ्झ्झ, आणि सेल्फ मारताच चालू. मी तसाच उलटा पडून हसत होतो, मुलगा विचारतोय बाबा काय झालं.

---

टेस्टलॅम्प

वा! इनपुट आहे, अर्थ आहे, आउटपुट नाही. यापुढे कोणाला विचारायची गरजच उरली नाही.

आता टकटक करून फिरत बसू नका. चालत्या गाडीत हाच रिले सुटला तर इंजिन रस्त्याच्या मध्ये बंद पडेल, पॉवर स्टीअरिंग जड होईल, दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखे होतील. आजच काढा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची.

---

काळं_ग्रीस

डबी उघडून फोटो काढा, चीर बघायला भिंग लागेल. आणि सोल्डर करताना जुन्यावरच नवा थर चढवू नका, जुनं शोषून काढा, पाय घासून स्वच्छ करा आणि मग नवीन भरा, नाहीतर आत चीर तशीच राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात परत इथेच पोस्ट टाकाल. पंपाच्या रिलेचे पायही त्याच डबीत त्याच वयाचे आहेत, तेही करून घ्या.

अजून एक, पंप बदलताना टाकीच्या तोंडावरचं रबर नवीन टाकलं होतं का? वास अजून येत असेल तर ते बघा, ते अंगावर काढू नका.

---

स्पॅनर१४

ठीक आहे, चुकलो. काट्याचं ते मला खरंच माहीत नव्हतं, माझ्या गाडीत योगायोगाने बरोबर निघालं आणि मी तोच नियम धरून बसलो. त्या नियमामुळे आत्तापर्यंत किती जणांना मी सेन्सर घ्यायला लावला असेल याचा विचार करतोय.

---

जुनी_चारचाकी

शेवटचा अपडेट. डबी उघडली. भिंगाखाली दोन पायांभोवती गोल काळी रेघ, केसाएवढी. त्यातल्या एका पायाला नखाने ढकललं तर हलला. एवढीशी रेघ, तिच्यासाठी मी प्लग, वायरी, बॅटरी, पंप एवढं सगळं करून बसलो.

जुनं सोल्डर काढून सगळे पाय नव्याने भरून घेतले. तीन आठवडे झाले, रोज मुद्दाम उन्हात लावतो, काचा बंद, एकदाही चुकली नाही. चालू होते म्हणून समाधान मानायचं नाही हे शिकलोय, त्यामुळे दर वेळी आधी चेक लाइट येतो का बघतो, मग पंप ऐकतो, मगच सेल्फ. बायको म्हणते विमान उडवतोयस का.

टाकीचं रबर नवीन टाकलेलं आहे, वास येत नाही. स्पॅनर१४ भाऊ, मनाला लावून घेऊ नका, ऑर्डर टाकली नव्हती.

आता डिकीत चार जुने प्लग, एक वायरींचा सेट आणि एक पेट्रोल पंप पडलाय, सगळे बहुतेक चांगल्या कंडिशनमध्ये.

---

चोकवाला

पंपाचं मला काही करता येणार नाही, माझ्या गाडीत तो इंजिनवर असतो आणि हाताने दाबता येतो. प्लग कुठले आहेत सांगा, लागत असतील तर नेतो.